नव्या सुनेचे डोळे

पाहुणा निरोप घेतांना ‘जातों’ असें म्हणत नाहीं, ‘येतों’ असें म्हणतो. हातांतली बांगडी फुटली तर गृहिणी ती ‘वाढवली’ असें म्हणते. पंगतींत पहिल्या आग्रहाला ‘नको’ म्हणावयाचें, दुसऱ्याला पानावर हात आडवा धरावयाचा, आणि तिसऱ्या वेळीं तो हात किती जोरानें धरला आहे हें पाहून वाढणाऱ्यानें ‘नको’चा अर्थ ठरवावयाचा, हें आपल्याला कोणी शिकविलें? शाळेंत तर नाहींच. घरींहि आईनें समोर बसवून कधीं पाठ दिल्याचें आठवत नाहीं. तरी चुकणारा चुकला कीं सारी पंगत क्षणभर थांबते. कोणी कांहीं बोलत नाहीं, आणि न बोलण्यांतच निकाल दिला जातो.

कायदा लिहिलेला असतो म्हणून तो वाचतां येतो, त्यावर वाद घालतां येतो, प्रसंगीं तो रद्द करवितां येतो. न बोललेल्या नियमाला यांतलें कांहींच लागू नाहीं. तो मोडल्यावांचून दिसत नाहीं, आणि मोडणाऱ्याला तो शिक्षेच्या रूपानेंच प्रथम कळतो. जो त्या नियमांत जन्मला त्याला तो नियम वाटतच नाहीं, जगाची रीतच तशी आहे असें वाटतें. परक्याला तो दिसतो खरा. पण परका म्हणून त्याला क्षमा असते, आणि ज्याला क्षमा आहे त्याला नियमाची धार कळत नाहीं. ज्या व्यक्तीला परक्याचे डोळे आहेत पण परक्याची सवलत नाहीं अशी आपल्या समाजांत एकच आहे, ती म्हणजे नवी सून. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीं ती एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत ठेवली जाई. तेथें कोण कोणाशीं किती बोलतो, कोणासमोर उभें राहावयाचें, कोणतें भांडें कोणाचें, हें सारें तिनें विचारावयाचें नाहीं आणि चुकावयाचेंहि नाहीं. समाजशास्त्राचा याहून कठीण अभ्यासक्रम कोणत्याहि विद्यापीठांत नसेल.

म्हणून आमचें असें मत झालें आहे कीं, मराठी माणसाच्या रोजच्या वागणुकीचें मर्म ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें शिष्टाचारावरील निबंध बाजूला ठेवावे आणि तीन सुनांनीं लिहिलेलीं तीन आत्मवृत्तें वाचावीं. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध), आणि बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ (१९८६). हीं पुस्तकें बहुधा निरनिराळ्या फळ्यांवर ठेवलीं जातात. पहिलें थोर पुरुषाच्या चरित्राचें साधन म्हणून, दुसरें विनोदी व प्रांजळ गद्याचा नमुना म्हणून, तिसरें दलित साहित्य म्हणून. तीं एकापाठोपाठ एक वाचलीं तर मात्र एकच प्रश्न तीन घरांत विचारला गेला आहे असें दिसून येतें, आणि तिसऱ्या घरांत पोहोंचेपर्यंत त्या प्रश्नाचें स्वरूप पालटलेलें असतें.

रमाबाईंपासून आरंभ करूं. १८७३ सालीं अकरा वर्षांची ही मुलगी न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या घरीं आली. पतीनें तिला शिकवावयास घेतलें. तिनें पुढें जें पुस्तक लिहिलें त्यांत ज्या एका माणसाविषयीं तें सारें आहे त्याचा उल्लेख ती बहुतेक ‘स्वतः’ या शब्दानें करते. पत्नीनें पतीचें नांव उच्चारूं नये हा नियम त्या काळीं इतका सर्वमान्य होता कीं मराठी वाचकाला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. ‘हे’, ‘घरांत’, ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा शब्दांचा तर आपल्या कादंबऱ्यांत व नाटकांत सुकाळ आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू असो कीं गडकऱ्यांची सिंधू असो, ‘इकडून येणें झालें’ या तऱ्हेच्या वाक्यांनीं मराठी भाषेनें एक सबंध व्याकरण उभें केलें, ज्यांत क्रिया आहे, दिशा आहे, आदर आहे. फक्त कर्ता नाहीं. १९३८ सालीं रमाबाईंच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेंत निघाला. अनुवादिका कॅथरिन गेट्स यांनीं त्या पुस्तकाला नांवच दिलें ‘हिमसेल्फ’. ज्या शब्दावरून मराठी वाचकाची नजर अठ्ठावीस वर्षें घसरून जात होती तो शब्द परक्या बाईनें उचलून मुखपृष्ठावर ठेवला. न बोललेला नियम दिसावयाला बाहेरचा डोळा लागतो याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

नांव न घेणारी ही पत्नी म्हणजे पतीची केवळ सावली, असा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनांत सहज येतो. आम्हांस तो उथळ वाटतो. ‘स्वतः’ हा शब्द नीट पाहिला तर त्यांत आदराइतकीच जवळीक आहे. ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो कोण हें सांगण्याची जरूरच नाहीं, घरांत दुसरा ‘स्वतः’ असूंच शकत नाहीं, असा त्याचा अर्थ. शिवाय या नियमानें आपल्यासाठीं एक दारहि ठेवलें होतें. लग्नांत, हळदीकुंकवांत, उंबरठ्यावर अडवून बायका जिला नांव घ्यावयास बंदी तिलाच ‘नांव घे’ म्हणून भाग पाडीत. ती यमकाच्या आडोशानें नांव घेई आणि सारीं हंसत. ज्या समाजानें बंदी घातली त्यानेंच ती मोडण्याचा खेळ केला. उखाणा म्हणजे नियमाला असलेली खिडकी. ही खिडकी ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें आहे.

रमाबाईंच्या पुस्तकाचें खरें सामर्थ्य मात्र पतीच्या वर्णनांत नाहीं, घरांतल्या बायकांच्या वर्णनांत आहे. घरांतल्या वडील स्त्रियांना तिचें शिकणें रुचत नव्हतें. पतीची आज्ञा शिकण्याची, घराची आज्ञा न शिकण्याची. पहिली स्पष्ट शब्दांत दिलेली, दुसरी टोमण्यांतून, अबोल्यांतून, पाठ फिरविण्यांतून कळविलेली. मुलींच्या इंग्रजी शाळेच्या खटपटींत रमाबाईंनीं सभेंत इंग्रजी निवेदन वाचून दाखविलें. सभेंत जो गौरव झाला त्याची किंमत स्वयंपाकघरांत द्यावी लागली. न्यायमूर्तींनीं बाहेर परिषदा भरविल्या, अर्ज लिहिले, संस्था काढल्या; परंतु घरच्या माजघरांत चालणारी ही दुसरी राज्यपद्धति त्यांना हलवितां आली नाहीं. पत्नीनें सोसावें, उलट उत्तर देऊं नये, हाच त्यांचा सल्ला. ज्या सुधारकानें बोललेल्या रूढींशीं जन्मभर झगडा केला तो न बोललेल्या रूढीपुढें थांबला, ही गोष्ट रमाबाई कोठेंहि म्हणत नाहींत. पण त्यांच्या पुस्तकावांचून ती आपल्याला कळलीहि नसती.

आणखी एक गोष्ट. एका प्रसंगीं रमाबाईंचें वागणें पतीच्या मनास आलें नाहीं. ते रागावले नाहींत, बोललेच नाहींत. रात्र तशीच गेली. रमाबाईंनीं तो प्रसंग पतीच्या थोर संयमाचें उदाहरण म्हणून दिला आहे. वाचकाच्या मात्र लक्षांत येतें कीं, सासरच्या बायकांचें हत्यार आणि न्यायमूर्तींचें हत्यार एकच होतें, तें म्हणजे मौन. लेखिका एकाला छळ समजते व दुसऱ्याला शिकवण. येथें पुस्तकाचा दोष आहे. जी लेखणी माजघराविषयीं इतकी अचूक चालते ती दिवाणखान्याच्या दाराशीं येतांच पदर सांवरून उभी राहते. परंतु दोष असूनहि पुरावा शाबूत आहे. रमाबाईंनीं निकाल पक्षपातानें दिला असेल, साक्ष खोटी दिलेली नाहीं.

घराबाहेरच्या एका प्रकरणाचीहि हकीकत या पुस्तकांत आली आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्तानें जमली. रानडे होते, बाळ गंगाधर टिळकहि होते. समारंभाच्या शेवटीं चहा आला. येथें दोन न बोललेले नियम एकाच पेल्यांत एकत्र आले. यजमानाचा पेला नाकारूं नये हा एक, आणि मिशनऱ्याच्या घरीं पाणी घेऊं नये हा दुसरा. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातांत धरून खालीं ठेवला. पेला हातीं घेऊन न पिणें ही दोन्ही नियमांना एकदम नमस्कार करण्याची युक्ति होती. प्रकरण तेथेंच मिटलें असतें. पण गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं. मग फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्तें झालीं. १८९२ सालीं रानड्यांनींहि स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतलें, आणि रमाबाईंना त्याचें दुःख झालें. आमच्या मतें या सगळ्या प्रकरणांत गुन्हा चहाचा नव्हता, छापण्याचा होता. खासगींत कोण काय करतो हें ज्याला त्याला ठाऊक असावें, परंतु कोणी बोलूं नये, असा पुण्यांत एक अलिखित करार होता. गोपाळरावांनीं तो करार शाईनें लिहून काढला आणि लिहितांच तो मोडला.

आतां ‘स्मृतिचित्रें’. लक्ष्मीबाई पतीला ‘टिळक’ म्हणतात. कवि नारायण वामन टिळक हे त्यांचे पति. आडनांव हें खरें तर नांव नव्हे. नांव न घेण्याचा नियम अक्षरशः पाळला गेलाच आहे. परंतु ‘स्वतः’पासून ‘टिळक’पर्यंतचें अंतर फार मोठें आहे. ‘स्वतः’ म्हणणारी स्त्री पतीच्या घराच्या आंतून बोलते. ‘टिळक’ म्हणणारी शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाहते, आणि पाहतां पाहतां हंसते. मराठींत पत्नीनें पतीकडे प्रेमानें हंसून पाहिल्याचें इतकें निर्मळ चित्र यापूर्वीं आलें नव्हतें. हें हंसूं स्वस्तांतलें नाहीं. तापट, लहरी, घरांतला पैसा हां हां म्हणतां वाटून टाकणारा नवरा. कधीं निघून जाईल याचा नेम नाहीं. आणि १८९५ सालीं तर त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारें पांच वर्षें पतिपत्नी दूर राहिलीं. लक्ष्मीबाईंनीं स्वतः १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला.

या पुस्तकांतला न बोललेला नियम म्हणजे सोवळें. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोवळें विकोपाला गेलेलें होतें. घरांत येणाऱ्या जिनसाहि धुवून घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. त्या बालपणाचें वर्णन वाचून आपण हंसतों. पण तेंच सोवळें पुढें लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या हाताला चिकटलेलें दिसतें तेव्हां हंसूं ओसरतें. पतीजवळ राहावयास आल्यावरहि त्यांनीं कांहीं काळ आपलें पाणी, आपली चूल वेगळी ठेवली. टिळकांनीं जबरदस्ती केली नाहीं. आणि मग कोणी वादांत हरविल्यावांचून, कोणत्याहि ग्रंथाचा आधार न घेतां, त्यांनीं मनाशींच ठरविलें कीं ही भिंत माणसांनीं बांधलेली आहे, आणि ती सोडून दिली. हें प्रकरण म्हणजे आमच्या मतें पुस्तकाचा कळस. रूढि सुटते कशी, याचें हें अत्यंत खरें चित्र आहे. व्याख्यानानें ती सुटत नाहीं. ती हाताला असते, म्हणून हातालाच सोडावी लागते. एक दिवस पाण्याचा पेला घ्यावयास हात पुढें होतो, आणि आभाळ कोसळत नाहीं, एवढेंच. रमाबाईंना नियम सोसावा लागला, लक्ष्मीबाईंनीं तो आपल्याच अंगांत शोधून काढला. हें दुसरें काम अधिक अवघड, आणि त्यासाठींच लक्ष्मीबाईंना विनोद लागला. स्वतःला हंसल्यावांचून स्वतःची सवय दिसत नाहीं.

येथपर्यंत वाचणाऱ्याचें असें मत होण्याचा संभव आहे कीं, हे नियम थोडे जाचक, थोडे गमतीचे, आणि थोड्या विनोदानें व काळाच्या ओघानें सुटण्यासारखे आहेत. असें मत झालेल्या वाचकानें ‘जिणं आमुचं’ अवश्य वाचावें. बेबी कांबळे यांचा जन्म १९२९ सालचा. महारवाड्यांतल्या बाईनें साडी कशी नेसावी यालाहि नियम होता. साडीचा काठ दिसूं नये अशा बेतानें निऱ्या घालावयाच्या, कारण काठ मिरविण्याचा अधिकार वरच्या जातींच्या बायकांचा. दुकानावर गेल्यावर किती अंतरावर उभें राहावयाचें, कोणत्या आर्जवानें बोलावयाचें, हें लहान मुलालाहि ठाऊक असावयाचें. आणि येथेंहि नवी सून आहेच. रस्त्यानें जातांना वरच्या जातीचा माणूस समोर आला तर वाट सोडून वांकून नमस्कार घालावयाचा. दुसऱ्या गांवाहून आलेली कोवळी पोर एखादे वेळीं विसरली, तर तो माणूस महारवाड्यांत येऊन सगळ्या वस्तीला जाब विचारी, आणि घरचीं वडील माणसें पोर नवी आहे म्हणून पाय धरून क्षमा मागत.

रमाबाई चुकल्या तर त्यांच्याशीं कोणी बोलत नसे. येथें एक मुलगी चुकली तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. तीनहि घरांत नियम न बोललेलाच आहे. परंतु चुकीची किंमत कोण आणि किती देतो यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. वर उखाण्याला आम्हीं खिडकी म्हटलें होतें. महारवाड्याबाहेरच्या त्या रस्त्यावर कोणता उखाणा होता? कोणत्या सणाला त्या मुलीनें मान ताठ ठेवून चालावें आणि सर्वांनीं हंसावें अशी सोय होती? नव्हती. ज्या नियमाला खेळकर अपवाद सोसत नाहीं तो शिष्टाचार नव्हे, तो पहारा होय. पंगतींतला आग्रह आणि रस्त्यावरचा तो नमस्कार या दोहोंना ‘रीत’ हा एकच शब्द लावून आपण मोकळे होतों, हा मराठी भाषेचा नव्हे, आपला अपराध आहे.

बोललेला कायदा या नियमापुढें किती दुबळा पडतो हेंहि या प्रांतानें पाहिलें आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालींच केला होता. तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी त्यांच्या ओंजळींत यावयास १९२७ सालचा २० मार्च उजाडावा लागला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याच्या पायऱ्या उतरून तें पाणी प्यावें लागलें. कागदावरची परवानगी होती; डोळ्यांतली नव्हती. त्या दिवशीं जो मोडला तो लिहिलेला कायदा नव्हता, न लिहिलेला होता. बेबीताईंच्या पुस्तकांतल्या दुसऱ्या पिढीचा ताठ कणा त्याच चळवळींतून आला आहे.

या पुस्तकाची आम्हांस सर्वांत थोर वाटलेली गोष्ट निराळीच आहे. लेखिका गांवच्या वरिष्ठांवर बोट ठेवून थांबत नाहीं. महारवाड्यांतल्या सासवा आपल्या सुनांना कसें वागवीत, नवरे बायकांचे कसे हाल करीत, हेंहि ती तितक्याच उघडपणें लिहिते. पहाऱ्याखालीं राहणारा माणूस आपल्या घरांत दुसरा पहारा बसवितो, हें सत्य आपल्याच माणसांविषयीं सांगावयास मोठें धैर्य लागतें. आणि हें लिहिणारी बाई आपलें लिखाण सुमारें वीस वर्षें नवऱ्यापासून व घरच्यांपासून लपवून ठेवीत होती. म्हणजे न बोललेल्या नियमांविषयींचें हें पुस्तक त्याच नियमांच्या धाकाखालीं, त्यांची नजर चुकवून लिहिलें गेलें. रमाबाईंनीं लपून धडे गिरविले नाहींत; पति पाठीशीं होता. बेबीताईंच्या पाठीशीं फडताळाखेरीज कोणी नव्हतें. रचनेच्या दृष्टीनें ‘जिणं आमुचं’ विस्कळीत आहे, प्रसंग मागेंपुढें होतात, कोठें कोठें लेखणी व्याख्यानाच्या सुरांत जाते. परंतु ज्याचे पंचवीस कागद पंचवीस ठिकाणीं लपवावे लागले असतील त्याच्याकडून सलग बांधणीची अपेक्षा करणें म्हणजे टीका नव्हे.

आज शहरांतल्या अनेक घरांत पत्नी पतीला नांवानें हाक मारते, ‘अरे-तुरे’ करते, आणि ‘इकडून येणें झालें’ हें वाक्य नाटकांतच उरलें आहे. तेवढ्यावरून न बोललेले नियम गेले असें समजूं नये. ते माजघरांतून उठून दुसरीकडे बसले आहेत. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईला चहा आपण आवर्जून देतों, ‘घ्या मावशी’ असें मानानेंहि म्हणतों. परंतु कित्येक घरांत तिचा पेला फळीवर वेगळाच असतो. तो वेगळा ठेवावा असें त्या घरांत कोणी कधीं बोललेलें नसतें. कोणीं ठेवला म्हणून विचारलें तर सगळेच एकमेकांकडे पाहतील. पंचहौदाचा पेला आणि हा पेला यांत सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं; पहिल्यासाठीं सगळें पुणें बोललें, दुसऱ्याविषयीं अजून कोणी बोलत नाहीं.

साहित्याचें काम कोणतें, यावर मोठमोठे वाद झाले आहेत. आम्हांस या तीन पुस्तकांवरून एक लहानसें उत्तर सुचतें. घरांत जें सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाहीं, तें नव्या सुनेच्या डोळ्यांनीं पाहावें आणि लिहून ठेवावें. रमाबाईंनीं तें पदराआडून लिहिलें, लक्ष्मीबाईंनीं हंसत लिहिलें, बेबीताईंनीं लपवून लिहिलें. वाचकानें पुस्तक मिटून आपल्या स्वयंपाकघरांतल्या फळीकडे एकदां पाहावें आणि तेथले पेले मोजावे. त्याशिवाय या तिघींचें वाचन पुरें झालें असें आम्हांस वाटत नाहीं.